बोरजाईवाडीची अणुभट्टी

"मला फक्त एवढंच सांगा," मंडपाच्या मधोमध उभे राहून आबा शिंगटे म्हणाले, "ही अणुभट्टी बसवनार कुटं? हेडला का टेलला?"

मागच्या रांगेत तंबाखू मळणारे हात थांबले. व्यासपीठावर माझ्या शेजारी बसलेल्या टिकेकर सरांनी रुमालानं कपाळ पुसलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही अणुभट्टी मीच पर्समधून घेऊन आले होते.

"आबा, अणुभट्टी कुणीच बसवत नाहीये," मी माइकवर म्हणाले. "त्या कंपनीनं फक्त एवढं लिहिलंय, की आमचं सॉफ्टवेअर अणुभट्टी चालवायला वापरू नका."

"पर लिवलंय कशापायी? मनात काय नसताना मानूस असलं लिवतोय व्हय?"

यावर बऱ्याच माना डोलल्या. अध्यक्षांची मानही डोलली, पण ते मघापासूनच डुलक्या घेत होते.

वीस वर्षं झाली या गोष्टीला. श्री बोरजाई सहकारी पाणीपुरवठा संस्थेची ती वार्षिक सर्वसाधारण सभा होती. विषय क्रमांक सात होता, 'पाणीपाळीच्या संगणक प्रोग्रॅमसोबत येणाऱ्या परदेशी कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या अटी व शर्ती वाचून मान्य करणे.' त्या अटींचं मराठी भाषांतर मी केलं होतं आणि वाचूनही मीच दाखवत होते. भाषांतर करताना अणुभट्टीचं वाक्य गाळावं असं मला वाटलं होतं. गाळलं असतं तर बरं झालं असतं, असं त्या क्षणी फार वाटलं.

टिकेकर सरांचं सांगलीत कॉम्प्युटरचं छोटं दुकान होतं. प्रोग्रॅम लिहिणारी मी एकटी. बोरजाईवाडीच्या संस्थेसाठी मी पाणीपाळीचा प्रोग्रॅम लिहिला होता. कुणाच्या रानात कोणत्या दिवशी किती वेळ पाणी जाणार, हे त्यात ठरायचं. तक्ता छापून संस्थेच्या फळ्यावर लागायचा आणि मध्येच कुणी पाळी बदलली तर बदलणाऱ्याचं नावही त्यावर यायचं.

पण आमचा प्रोग्रॅम स्वतःच्या बळावर चालत नसे. त्याच्या खाली 'रनटाइम' नावाचं दुसऱ्याचं सॉफ्टवेअर असावं लागे. वरवंटा आमचा, पाटा परदेशी कंपनीचा. कंपनी तो पाटा फुकट देत होती, पण अटी घालून. तुमच्या मालासोबत आमचा माल द्यायचा तर पुरा द्या, त्यातलं काही काढू नका, त्यात काही बदलू नका. आणि जो वापरणार आहे त्याला आमच्या अटी पडद्यावर दिसू द्या, त्या त्यानं स्वतः मान्य केल्या पाहिजेत.

टिकेकर सरांना यातली एकही अट पटली नव्हती.

"अगं त्रिशला, अर्ध्या गोष्टी आपल्याला लागतच नाहीत," ते म्हणाले होते. "आणि ती इंग्रजी पाटी आली की गिऱ्हाईक बिचकतं. कुठं सही केली, कशात अडकलो असं वाटतं त्याला."

मग त्यांनी त्या रनटाइमला शेवग्याच्या शेंगेसारखं सोललं. नको ते काढून टाकलं, अटींची पाटी लपवली आणि 'मान्य' हे बटण आतल्या आत आपोआप दाबलं जाईल अशी सोय केली. मी म्हणाले, सर, हे करायची परवानगी नाही. सर म्हणाले, तिकडून इथं बघायला कोण येतंय?

कुणी आलं नाही हे खरंच. पण बोरजाईवाडीत बाळासो मगदूम होते.

बाळासो संस्थेचे सेक्रेटरी. काही वर्षांपूर्वी संस्थेनं नदीवर बसवायला मोठी मोटार घेतली होती, तिच्यासोबत दुसऱ्याच कंपनीचा स्टार्टर आला. पहिल्याच उन्हाळ्यात तो जळाला. मोटारवाले म्हणाले स्टार्टर आमचा नाही, स्टार्टरवाले म्हणाले या मोटारीला तो लावायला कुणी सांगितलं? दोघांच्या दारात खेटे घालून बाळासोंच्या चपला झिजल्या. तेव्हापासून संस्थेत रीतच पडली, की एकाच्या मालासोबत दुसऱ्याचा माल आला, तर त्या दुसऱ्याच्या अटी वेगळ्या विषयाखाली सभेत वाचायच्या आणि मगच मंजूर करायच्या.

प्रोग्रॅम दाखवायला आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा बाळासोंनी चष्मा पुसत विचारलं होतं, "हे सगळं तुमचंच का?"

सर 'हो' म्हणायला तोंड उघडत होते. त्याआधी मी 'नाही' म्हणाले. सरांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता.

तर असा हा विषय सात. तो फेटाळला गेला असता तर आमच्या दुकानातून संगणकाच्या ऐवजी पुन्हा कॅल्क्युलेटर आणि सेल विकायची वेळ आली असती. पण खरं सांगायचं तर माझा जीव अडकला होता तो दुकानात नाही, पहिल्या रांगेत बसलेल्या हौसाक्कात.

पाटाच्या सुरुवातीला मोटारीजवळची रानं ती हेडची, पाटाच्या शेवटची ती टेलची. हौसाक्काचं रान अगदी टेलला, त्यात हळद. माहिती गोळा करायला गावात फिरत होते तेव्हा दुपारची भाकरी मी तिच्याच घरी खायचे. तिची पाळी कागदावर असायची आणि पाणी हेडला, आबांच्या उसात. पाटाची दारं उघडणारा पाटकरी आबांचा भाचा होता, त्यामुळं त्यात नवल काही नव्हतं. दोन वर्षं ऐन भरायच्या वेळी पाणी मिळालं नाही आणि हळकुंडं बोटाएवढीसुद्धा झाली नाहीत. "औंदा बी तसंच झालं तर रान आबाला खंडानं द्यावं म्हनती," ती मला म्हणाली होती. "त्यो कवाचा मागतोयच." हे तिनं भाकरी थापता थापता सांगितलं, सहज.

फळ्यावर तक्ता लागला की हे चालणार नव्हतं, आणि आता तेच आबा अणुभट्टीवर अडून बसले होते.

"आनी त्यात लिवलंय," ते मंडपाला उद्देशून म्हणाले, "काय बरंवाईट झालं तर कंपनी जबाबदार न्हाई. म्हंजी कायतरी हुनार त्ये त्येंना ठावं हाय, आँ? माझ्या पोराबाळांच्या जिवाशी खेळ हाय ह्यो. विषय सात रद्द करा!"

"रद्द करा!" हेडच्या बाजूनं आवाज आले. टेलवालेसुद्धा आता कुजबुजू लागले होते. अणुभट्टी कुणालाच नको होती.

तेवढ्यात बाळासो उठले. सदऱ्याच्या खिशातलं पेन काढून त्यांनी त्याचं टोपण उघडलं.

"आबांच्या शंकेत तथ्य आहे," ते म्हणाले.

मी थक्क होऊन त्यांच्याकडे बघत राहिले. सरांनी डोळे मिटून घेतले.

"पण शंका अशी वाऱ्यावर सोडून चालणार नाही. प्रोसिडिंगच्या वहीत लिहिली गेली पाहिजे. आबांनी रीतसर उपसूचना मांडावी."

आबांचा चेहरा खुलला. प्रोसिडिंगला आपलं नाव लागलेलं त्यांना फार आवडे, हे मला नंतर कळलं. बाळासोंना आधीच ठाऊक होतं.

बाळासोंनी मजकूर लिहून वाचून दाखवला. "परदेशी कंपनीच्या अटी पडद्यावर दाखवून सभासदानं त्या मान्य कराव्यात व प्रोग्रॅम सुरू करावा. मात्र संस्थेच्या कार्यक्षेत्रात सर्वसाधारण सभेच्या पूर्वपरवानगीशिवाय अणुभट्टी उभारण्यात येऊ नये."

मी घाबरून त्यांच्या कानाशी लागले. "बाळासो, त्या अटी जशाच्या तशा ठेवायच्या असतात. आपल्याला त्यात काही घालता येणार नाही."

"त्यांच्या अटीला कोण हात लावतंय?" ते हळूच म्हणाले. "आपण आपल्यावरच एक अट वाढवतोय. तुम्ही गप्प बसा."

मग मोठ्यानं म्हणाले, "उपसूचनेसह मूळ ठराव. सूचक, आबासाहेब शिंगटे. अनुमोदक?"

हौसाक्काचा हात वर गेला. आबांनी चमकून तिच्याकडे बघितलं.

"माझं अनुमोदन," ती म्हणाली. "मला बी नगं बाबा ती अणुभट्टी. टेलला तर अजाबात नगं."

मंडप हसला. आबांनी स्वतःचा हात सगळ्यांच्या वर केला आणि मागं वळून हेडवाल्यांनाही हात वर करायची खूण केली. ठराव एकमतानं मंजूर झाला. अध्यक्ष टाळ्यांच्या आवाजानं जागे झाले आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

इथं सभा संपली असती तर मी ही गोष्ट सांगत बसले नसते. पण टिकेकर सरांच्या अंगात उत्साह संचारला. सांगलीहून भाड्यानं आणलेला प्रोजेक्टर त्यांनी सुरू केला, मंडपवाल्याच्या पांढऱ्या कापडावर उजेड पडला आणि सर त्यांची सीडी संगणकात घालायला निघाले.

"सर, ती नको," मी म्हणाले. "माझ्याकडे दुसरी..."

"तू बस गं."

सीडी आत गेली. एक निळी पट्टी सर्रकन पुढे धावली आणि पडद्यावर आमचा प्रोग्रॅम उघडला. सरांनी मंडपाकडे बघून दोन्ही हात पसरले. "बघा! चहा ओतायच्या आत तयार!"

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण बाळासो उभेच होते.

"अट कुठाय?" त्यांनी विचारलं.

"कसली अट?"

"आत्ता मंजूर केली ती. पडद्यावर दाखवायची. मला दिसली नाही."

"हां, ती होय," सर हसत म्हणाले. "ती आम्ही आतल्या आत मान्य करून टाकलीय. तुम्हाला त्रास नको म्हणून."

"कुणाच्या वतीनं?"

"तुमच्याच की!"

बाळासोंनी पेनाला टोपण लावलं. "म्हणजे प्रॉक्सी," ते म्हणाले.

सांगलीच्या बाजारपेठेत वाढलेल्या सरांना कळेना, की या शब्दानं अणुभट्टीहून मोठा स्फोट का झाला. सहकारात सभासदानं स्वतः हजर राहून मत द्यायचं असतं, त्याच्या वतीनं दुसऱ्यानं हात वर केलेला चालत नाही. बोरजाईवाडीत एकानं निवडणुकीत आजारी सासऱ्याच्या नावानं हात वर केला होता, तर पुढं कित्येक वर्षं लग्नाच्या पंगतीत त्याच्या शेजारी कुणी बसत नव्हतं. आणि इथं सांगलीचा एक दुकानदार सबंध संस्थेच्या वतीनं हात वर करून मोकळा झाला होता.

"आमची मतं तुमी दिली?"

"इचारलं व्हतं का?"

"उद्या रानं बी इकशीला आतल्या आत!"

आणि या सगळ्याच्या वर आबांचा आवाज. "मी मगाधरनं वरडतोय! रद्द करा विषय सात! हाकला ह्यांना!"

मी हौसाक्काकडे बघितलं. ती ओरडत नव्हती. पदर सावरून उठायच्या तयारीत होती, बस चुकलेलं माणूस उठतं तशी. मला इतकं वाईट वाटलं आणि सरांचा इतका राग आला, की मी त्यांच्या हातातून माइकच काढून घेतला.

"ही सीडी सोललेली आहे," मी म्हणाले. "कंपनीनं पुरा माल द्यायला सांगितलाय, आम्ही अर्धा काढून टाकला. अटी दाखवायला सांगितल्यात, आम्ही लपवल्या. मान्य करायचा हक्क तुमचा, तो आम्ही वापरला. हे सगळं चुकीचं आहे. पण प्रोग्रॅम चांगला आहे. तो मी लिहिलाय."

मंडपातला गलका जरा खाली आला.

"ऐकलंत?" आबा म्हणाले. "तिनंच कबूल केलं. आता रद्द."

"रद्द कसं होईल, आबा?" बाळासोंनी अगदी मायेनं विचारलं. "ठराव मंजूर झालाय. तुमच्याच उपसूचनेसह. सूचक तुम्ही आहात. ठरावात काय म्हटलंय? अटी दाखवून सभासदानं मान्य कराव्यात व प्रोग्रॅम सुरू करावा. दाखवल्या नाहीत, तर दाखवायला लावू. का तुम्हाला तुमचाच ठराव मागं घ्यायचाय? मग अणुभट्टीची बंदीही उठेल. तसं लिहू?"

आबांनी तोंड उघडलं. मागून एक हेडवालाच ओरडला, "न्हाई न्हाई, बंदी ऱ्हाऊ द्या!"

आबांनी तोंड मिटलं.

मी पर्समधून माझी सीडी काढली. तिच्यात रनटाइम पुरा होता, सालीसकट, आणि अटींची पाटीही होती. संस्थेचा संगणक जुना, पट्टी अशी रांगत होती की लोकांचा एक चहा झाला, पानं झाली, दोघांची बांधावरून बाचाबाची होऊन मिटलीसुद्धा. आणि मग पांढऱ्या कापडावर ती पाटी आली. बारीक इंग्रजी अक्षरांची, खाली दोन बटणं.

"मघाशी वाचलंत तेच का हे?" बाळासोंनी विचारलं.

"तेच. अणुभट्टीसकट."

"आता सभासदानं दाबायचं."

सर सवयीनं पुढं झाले.

"तुम्ही सभासद नाही," बाळासो म्हणाले. सर मागं झाले.

"विंग्रजी येनाऱ्यानंच दाबावं," आबांनी शेवटचा प्रयत्न केला.

"मी दाबते," हौसाक्का म्हणाली.

"तुला विंग्रजी येतंय व्हय गं?"

"पोरीनं मराठीत वाचलेलं ऐकलंय की. तू तर ऐकत बी न्हवतास, अणुभट्टीच हुडकत व्हतास." ती व्यासपीठावर चढली. "आनी रातच्याला पाटाचं दार उघडताना तू कुटं विंग्रजी वाचून उघडतोस?"

यावर टेलवाल्यांनी जी शिट्टी मारली, ती नदीपलीकडं ऐकू गेली असेल.

हौसाक्कानं माउस दोन्ही हातांनी धरला. पडद्यावरचा बाण आधी वर गेला, मग पार कडेला जाऊन दिसेनासा झाला. सगळा मंडप सांगू लागला. "आक्का, डाव्या अंगाला!" "खाली, खाली!" "आगं उजवीकडं न्हवं!" शेवटी बाण बटणावर येऊन थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं.

"दाबल्यावर परत न्हाई म्हनता येतंय का?"

"नाही, आक्का."

"बरं हाय," ती म्हणाली आणि मंडपाकडे वळली. "आबा, बग हं. समद्यांच्या समोर दाबतीय."

तिनं बटण दाबलं. पाटी गेली आणि प्रोग्रॅम उघडला. मला रडू आलं ते मी माइकच्या वायरी गुंडाळण्यात लपवलं.

परतीच्या एसटीत सर खिडकीशी बसले. मी नोकरी गेली असं धरूनच चालले होते.

"ती सीडी कधी केलीस?" सांगली दिसू लागल्यावर त्यांनी विचारलं.

"तुम्ही नको म्हणालात त्याच दिवशी."

"पुढच्या गावाला तीच ने," ते म्हणाले. पुढं गिऱ्हाइकाला माल दाखवताना ते छाती काढून सांगू लागले, आम्ही साल काढत नाही हो, पुरा माल देतो. हे ऐकताना मी खाली बघून हसायचे.

बाळासोंनी ठरावातली बंदी पत्र्याच्या पाटीवर रंगवून घेतली आणि मोटारघरावर लावली. 'या संस्थेच्या कार्यक्षेत्रात परवानगीशिवाय अणुभट्टी उभारण्यास सक्त मनाई आहे.' आजतागायत तिथं एकही अणुभट्टी आलेली नाही.

पाऊस सरल्यावर पाळ्या सुरू झाल्या. हौसाक्काची पहिली पाळी आली त्या दिवशी तिनं मला निरोप धाडून बोलावून घेतलं. मी पोचले तेव्हा ती पाटाच्या कडेला बसून होती, पायातल्या चपला बाजूला काढलेल्या, कुणी मोठा पाहुणा यायचा असावा तशी. पाटात आधी वाळकी पानं सरकली, मग फेस आला आणि त्याच्यामागून पाणी. ते हळदीच्या सरीत वळलं तेव्हा ती उठून फक्त त्यात उभी राहिली.

आबा बांधावरून येताना दिसले. हातात काठी, आवाज अगदी मऊ.

"आक्का, दुपारपतूर पानी माज्याकडं वळव की. ऊस लय कोमेजलाय माजा."

"फळ्यावर काय लागलंय त्ये बगून ये जा."

"त्या मशीनचं काय एवढं ऐकतीस? परदेशी मशीन त्ये. त्याला आपल्या गावचं काय कळतंय?"

हौसाक्कानं खोऱ्यानं सरीचं तोंड आणखी मोठं केलं.

"मशीनचं कोन ऐकतंय, आबा?" ती म्हणाली. "सूचक तू हाईस. हात तू वर केलावतास."

आबांनी क्षणभर आपल्या उजव्या हाताकडे बघितलं आणि तो सदऱ्याच्या खिशात घातला.